सहा साचे

भूपालमामाला इंग्रजी सहाच अक्षरं येत.
एस, ए, एन, जी, एल, आय.
पत्र्यात कोरलेले सहा साचे, कडांना रंगाचे थर चढून जाड झालेले.
मार्केट यार्डात मगदूमांच्या अडतीवर
हळदीच्या पोत्यावर ते ओळीनं धरायचे, वरून कुंचा मारायचा:
सांगली.
पुढचं पोतं. सांगली.
एकतीस वर्षं त्यानं हे एकच गाव लिहिलं.

रस्त्यावरच्या पाट्याही तो तशाच वाचायचा,
लग्नाच्या मांडवात पाव्हणे हेरावेत तसा.
"ह्यो आपला एन. त्यो बग, दवाखान्यावर आपला एल.
मधली मंडळी कुणाकडची, ठावं न्हाई."

मी आठवीत. मे महिना.
शाळेत बक्षीस मिळालेला कोश, पाठीचं कापड उसवलेलं.
सौदे आटोपले की थप्पीच्या सावलीत
आम्ही साचे फरशीवर पसरायचो.
नियम माझा: या सहांच्या बाहेर जायचं नाही,
आणि एक अक्षर एकदाच.
"म्हंजी रेशनच की," मामा म्हणाला.

सगळ्यात आधी त्याला आई लिहायची होती.
त्याला दोन ए लागतात, मामा. आपल्याकडं एकच.
त्यानं पत्रा उलटून बघितला,
मागल्या अंगाला आणखी एक असला तर.

मग शब्द निघत गेले.
निल: आपली नीळ नव्हे, शून्य.
गेन: नफा. "त्यो मगदूमांचा," म्हणत त्यानं तो मोडलाही.
नेल्स: खिळे, आणि नखंसुद्धा.
त्यानं दहाही बोटं माझ्यापुढं धरली.
साबणाला न जुमानणारा पिवळा, अगदी मुळापर्यंत.
त्याच पाच अक्षरांच्या जागा हलवल्या तर गोगलगाय.
"पोटात पाय!" मामा इतका हसला
की तोलाईदार उठून बघायला आला.
पुन्हा हलवल्या. मी कोशात बघितलं आणि पान मिटलं.
"काय निगालं?"
काही नाही.
मारला गेलेला, असं निघालं होतं.

तेव्हा त्यानं मला न विचारता तीन साचे पुढं ओढले.
जी. ए. एस.
"ह्यो मला येतो," म्हणाला. "सिव्हिलच्या कागदावर हुता."
मला तोवर कुणी नीट सांगितलं नव्हतं.
हरिपूरचं पेव, तोंडावरची माती नुकतीच काढलेली,
गाडी खोळंबलेली, म्हणून घाई.
आधी कंदील सोडायचा असतो खाली.
विझला, तर माणूस सोडायचा नाही.
आदगोंडामामा बावीस वर्षांचा होता.
भूपालमामा वर दोर धरून उभा होता.

त्या दिवशी पुढं काही जुळवलं नाही.

रात्री मी वहीच्या मागच्या पानावर
सहाही अक्षरं गोल मांडली, घड्याळासारखी,
आणि कुठून कुठून सुरुवात करत बसले.
सकाळी धावत यार्डात गेले.
मामा, सहाच्या सहा लागतात! एकही उरत नाही!
सिग्नल.
"रेल्वेचा?"
रेल्वेचा. कशाचाही. म्हणजे खूण, इशारा,
पुढं काय आहे ते आधी सांगणारं.
त्यानं साचे एकेक पुसले. बराच वेळ पुसत राहिला.
"म्हंजी कंदील," म्हणाला.

दुपारी कोचीनची गाडी भरली.
दोनशे दहा पोती.
दोनशे नऊ सांगलीची.
दिवाणजींनी मोजली, बरोबर भरली, सही केली,
आणि ताडपत्री ओढली गेली.

त्या पोत्याचं पुढं काय झालं, कुणाला ठाऊक.
एवढंच आठवतं की नंतर महिनाभर
पोस्टमन अडतीत शिरला
की मामाचा कुंचा
एन आणि जीच्या मध्ये कुठंतरी थांबायचा,
आणि रंगाचा एक ओघळ
पोत्यावरून खाली यायचा.